नातवाला लिहिलेली पोस्टकार्डे

माझी सगळी नोकरी टपाल खात्यात गेली. ३६ वर्षांत लोकांची किती पत्रे हातांखालून गेली त्याची मोजदाद नाही. पण स्वतः कोणाला चार ओळी लिहाव्यात ही सवय मला कधी लागली नाही. ती लागली निवृत्तीनंतर, वयाच्या ७१व्या वर्षी. त्याला कारण झाला माझा १३ वर्षांचा नातू, आणि नेमके सांगायचे तर त्याने बोललेले एक खोटे.

मी आणि माझी पत्नी अमरावतीला राहतो. मुलगा नोकरीमुळे अकोल्यात स्थायिक झाला. त्याला एक मुलगा, एक मुलगी. दोन्ही शहरांत अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. आता रस्ताही चांगला आहे. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर लोणी ते माना ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली. तरी या वयात सारखे जाणे-येणे होत नाही. नातवंडांशी संबंध राहतो तो फोनवरच.

इशाची नमाज झाली की माझा फोन जायचा. नातू फोनवर आला की माझे प्रश्न ठरलेले. फज्र पढलास का? जुहर? असर जमाअतीने की घरी? कुरआनचा सबक किती झाला? तो प्रत्येक प्रश्नाला “हो दादाअब्बा” म्हणायचा. दोन मिनिटांत बोलणे संपायचे आणि मी समाधानाने झोपायचो. आपण आजोबाचे कर्तव्य चोख बजावतो आहोत, असे मला मनापासून वाटत होते.

मागच्या हिवाळ्यात डोळ्याच्या तपासणीसाठी मी आठवडाभर अकोल्याला होतो. एका संध्याकाळी पुढच्या खोलीत आरामखुर्चीत बसलो होतो. अमरावतीहून माझ्या पत्नीचा फोन आला. नातवाने तो आतल्या खोलीत घेतला. मला सगळे ऐकू येत होते. “हो दादी, असर पढलो. मस्जिदीत जाऊन पढलो.” असरच्या वेळी हा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर गल्लीत क्रिकेट खेळत होता. फोन ठेवून तो बाहेर आला आणि मला पाहून जागीच थबकला.

मी रागावलो नाही. खरे सांगायचे तर रागावण्याचे सुचलेच नाही. खोटे त्याने सहज, न अडखळता सांगितले होते. म्हणजे ही त्याची पहिली वेळ नव्हती. मी एवढेच विचारले, “बेटा, असे का?” तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, “दादाअब्बा, खरं सांगितलं की अर्धा तास ऐकावं लागतं. ‘हो’ म्हटलं की दोन मिनिटांत होतं.”

त्या रात्री मला झोप आली नाही. मी समजत होतो की रोज मी या मुलाला नमाज शिकवतो आहे. प्रत्यक्षात मी त्याला रोज रात्री खोटे बोलण्याचा सराव देत होतो, आणि तेही अल्लाहच्या इबादतीबद्दल. सकाळी सुनेशी बोललो. ती आधी गप्प राहिली. मग अदबीने म्हणाली, “अब्बा, मला हे माहीत होतं. मी त्याला रोज थोडं थोडं वळवत असते. तुमचा फोन झाला की तो दुसऱ्या दिवशी नमाजीचं नाव काढू देत नाही. पण तुम्हाला कसं सांगणार?”

दुपारी मी रिक्षा केली आणि एका जुन्या मित्राच्या घरी गेलो. ते ख्रिस्ती आहेत. अमरावतीच्या टपाल कार्यालयात आम्ही २० वर्षे शेजारी-शेजारी टेबलांवर काम केले. जुम्म्याच्या दिवशी माझे काउंटर ते सांभाळायचे, नाताळला त्यांचे काम मी करायचो. मी हजला गेलो नव्हतो तेव्हापासून ते मला ‘हाजीसाहेब’ म्हणतात आणि मी त्यांना ‘पाळकसाहेब’. निवृत्तीनंतर ते अकोल्यात आपल्या वडिलोपार्जित घरी परतले.

अकीद्यात आम्हा दोघांचे कधी एकमत झाले नाही आणि होणारही नाही. हजरत ईसा (अ.) यांच्याविषयी ते जे मानतात ते मी मानत नाही, आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याविषयी मी जे मानतो ते ते मानत नाहीत. हे दोघांनाही ठाऊक आहे. पण ग्रंथधारकांशी बोलताना उत्तम रीतीनेच बोलावे ही कुरआनची शिकवण आहे, आणि चाळीस वर्षांत आमच्यात कधी कडू शब्द आला नाही. शिवाय एक गोष्ट आम्हा दोघांची सारखीच आहे. दोघांचाही समाज इथे संख्येने थोडा. मुलांना शाळेतून किंवा रस्त्यावरून आपला धर्म आपोआप कळेल अशी सोय नाही. जे काही मिळायचे ते घरातूनच. म्हणून वाटले, हे दुःख त्यांना कळेल.

मी सगळे सांगितले. ते हसले नाहीत, की उपदेशही केला नाही. त्यांच्या खास वऱ्हाडीत एवढेच म्हणाले, “हाजीसाहेब, तुमी पोट्ट्याले नमाज शिकवत नोयते. तुमी त्याची हजेरी घेत होते. मीही हेच केलं. माह्या नातवानं तर फोनच बंद केला.”

मग त्यांनी आपली हकिकत सांगितली. त्यांचा मोठा नातू पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजात गेल्यावर त्याने घरी सांगून टाकले की तो आता रविवारी उपासनेला जात नाही. माझ्या मित्राने फोनवर त्याला खूप सुनावले. घराण्याचे नाव, आई-वडिलांचे कष्ट, देवाचा कोप, सगळे काढले. त्यानंतर नातू त्यांचा फोन उचलेना. वर्ष तसेच गेले. शेवटी टपालवाल्याला टपालच आठवले. त्यांनी ५० पैशांचे पोस्टकार्ड घेतले आणि नातवाला लिहिले. त्यात ना उपदेश, ना प्रश्न. अंगणातल्या लिंबाला यंदा मोहोर किती आला आणि मोर्णा नदीला पूर आला तेव्हा काय झाले, एवढेच. खाली एक ओळ: ‘रोज सकाळी तुझे नाव घेऊन प्रार्थना करतो.’ तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी एक कार्ड जाते.

“पण पाकीट का नाही? अंतर्देशीय पत्र का नाही?” मी विचारले. आमच्या धंद्यातला प्रश्न होता.

त्यावर ते जे बोलले ते मी विसरलेलो नाही. त्यांच्या मुलाने आधी नाराजी दाखवली होती. “पप्पा, पोराच्या मागे लागू नका,” असे तो म्हणाला होता. तेव्हा त्यांनी मुलाला शब्द दिला की मी पोस्टकार्डच लिहीन. पोस्टकार्ड उघडे असते. पोस्टमन वाचतो, शेजारी वाचतात, आई-वडील तर वाचतातच. “आजोबानं नातवाच्या कानात असं काही सांगू नये, जे त्याच्या मायबापाले दाखवता येत नाही. पोरगं पयले त्यायचं हाय, मंग आपलं.”

मला सुनेचा सकाळचा चेहरा आठवला.

पाळकसाहेबांच्या घराण्यात आजोबा या नात्याची एक वेगळीच कथा आहे. १८९९-१९०० साली वऱ्हाडात मोठा दुष्काळ पडला. तीन वर्षांपूर्वीच १८९६-९७ चा दुष्काळ होऊन गेला होता. लोक आधीच खंगलेले, त्यात पुन्हा पाऊस गेला. अन्न-पाण्यावाचून आणि पटकीने गावेच्या गावे ओस पडली. या काळात अकोल्यात अलायन्स मिशनचे काम सुरू होते. माझ्या मित्राचे आजोबा पाच-सहा वर्षांचे असताना आई-बाप गमावून मिशनच्या आसऱ्याला आले. आपले गाव कोणते, आडनाव काय, हेही त्यांना सांगता येत नव्हते.

“माह्या आजोबानं आजोबा पाह्यलाच नव्हता,” मित्र सांगत होते. “आजोबा कसा असते, हे त्याले कोनी दाखवलं नव्हतं. त्यानं सोताच ठरवलं.”

त्या माणसाने काय ठरवले? घरातल्या बायबलच्या कोऱ्या पानावर प्रत्येक मुलाचे, नातवाचे नाव आणि जन्मतारीख लिहायची. ज्याला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती त्याने हा नेम शेवटपर्यंत पाळला. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात नातवंडांना जवळ घेऊन बसायचे आणि आपली गोष्ट सांगायची, काहीही न लपवता. लोक म्हणत, हे भाकरीसाठी ख्रिस्ती झाले. म्हातारा नातवंडांना म्हणे, भाकर मिळाली हे खरेच आहे, ते मी नाकारत नाही. पण पुढे मी कमवू लागलो, माझ्या घरात धान्य आले, तेव्हाही मी तिथेच का राहिलो, हे मला विचारा. आणि मग ते का राहिले ते सांगत.

ते का राहिले याविषयी माझे मत काही असो. पण त्यांची रीत मला विचार करायला लावून गेली. आपण नातवंडांना ‘काय करायचे’ ते सांगतो. ‘मी हे का करतो’ हे आपल्यापैकी किती जण सांगतात?

त्यांच्या कपाटात ‘स्मृतिचित्रे’ दिसले. लक्ष्मीबाई टिळकांचे ते पुस्तक मी कॉलेजात असताना वाचले होते. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षे दूर राहिल्या. त्यांचा स्वतःचा निर्णय व्हायला १९०० साल उजाडले. त्यांच्या वाटचा निर्णय नवराही घेऊ शकला नाही. मित्राने आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. या आठवणींची संपूर्ण आवृत्ती पुढे ज्यांनी सिद्ध केली ते अशोक टिळक लक्ष्मीबाईंचे नातू. आजीने मोकळेपणाने, स्वतःच्या चुका आणि हट्टसुद्धा न झाकता सांगितले. ते जपले नातवाने. आजीने फक्त आज्ञा दिल्या असत्या तर नातवाच्या हाती जपायला काय उरले असते?

चहा झाला. बोलता बोलता हजरत याकूब (अ.) यांचा विषय निघाला. त्यांच्या ग्रंथात याकोब मरणाच्या वेळी आपल्या नातवांना, यूसुफ (अ.) यांच्या दोन मुलांना, जवळ बोलावतो आणि डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो, असे आहे. मी त्यांना सूरह बकराहमधला प्रसंग सांगितला. हजरत याकूब (अ.) यांचा अंतकाळ जवळ आला तेव्हा त्यांनी मुलांना विचारले की माझ्यानंतर तुम्ही कोणाची उपासना कराल? मुलांनी उत्तर दिले की आपल्या आणि आपले पूर्वज इब्राहीम, इस्माईल आणि इसहाक यांच्या एकमेव ईश्वराची.

हा प्रसंग मी आयुष्यभर वाचत आलो, पण त्या दिवशी तो मला नव्याने दिसला. इसहाक (अ.) हे त्या मुलांचे आजोबा आणि इब्राहीम (अ.) पणजोबा. मरणाच्या दारात असलेल्या बापाला मुले आपला ईमान सांगतात तेव्हा आजोबा-पणजोबांचे नाव घेऊन सांगतात. अल्लाहची ओळख त्यांना त्या माणसांच्या जगण्यातून झाली होती. माझा नातू उद्या कोणाला सांगेल की माझ्या दादाअब्बांचा अल्लाह, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर काय येईल? रात्री साडेनऊला वाजणारा फोन?

निघताना मी विचारले, “पुण्याच्या नातवाचं पुढं काय झालं?” ते म्हणाले, सात-आठ महिने एकाही कार्डाचे उत्तर आले नाही. मग एके दिवशी पोस्टकार्डावरच उत्तर आले. त्यात एकच प्रश्न होता: आजोबा, तुम्हाला कधी शंका आली नाही का? “तीन कार्डं लागली उत्तर द्याले,” ते म्हणाले. “सगळं खरं खरं लिवलं. आता तो पत्र लिवते. उपासनेले अजून जात नाही.” मी काय बोलावे ते न कळून गप्प राहिलो. तेव्हा तेच म्हणाले, “विश्वास काही रजिस्टर टपाल नाही हाजीसाहेब, आठ दिवसांत पोचपावती यायले.”

अमरावतीला परतलो आणि दोन दिवसांनी पोस्टात जाऊन दहा कार्डे घेतली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “काका, आजकाल कोण लिहितं?” भारतात पोस्टकार्ड १८७९ साली सुरू झाले. १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद, एवढाच कागद. त्यात उपदेशाला जागा पुरत नाही, हा त्याचा मोठा गुण मला आता कळला.

पहिल्या कार्डापूर्वी मुलाला आणि सुनेला फोन केला. म्हणालो, मी त्याला लिहिणार आहे. आधी तुम्ही वाचा, पटले तर द्या. आणि आजपासून त्याला नमाजीविषयी मी विचारणार नाही, ते तुम्ही दोघे बघा. सून काही क्षण बोललीच नाही. मग म्हणाली, “अब्बा, दुआ करा.” नमाजीचा आग्रह सोडावा असे मी म्हणत नाही. मूल सात वर्षांचे झाले की त्याला नमाज शिकवावी हे आपल्याला हदीसमध्ये सांगितलेच आहे. पण रोजची ती जबाबदारी आई-वडिलांची आहे. शंभर किलोमीटरवरून आजोबा त्यात हात घालू लागला तर दोघांचेही काम बिघडते.

पहिल्या कार्डावर मी माफी मागितली. लिहिले की मी तुला असे प्रश्न विचारले की खोटे बोलणे सोपे झाले. चूक माझीही आहे.

दुसऱ्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांचा प्रसंग लिहिला. ते नमाज पढवत होते आणि एक सजदा फार लांबला. नमाजीनंतर लोकांनी कारण विचारले. तेव्हा त्यांनी सांगितले की माझा नातू माझ्या पाठीवर बसला होता, त्याचे मन भरण्याआधी उठण्याची घाई मला करावीशी वाटली नाही. ते हजरत हसन (र.) होते किंवा हजरत हुसैन (र.). आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज पढल्याचे आणि सजद्याला जाताना तिला अलगद खाली ठेवल्याचे बुखारीत आहे. खाली मी लिहिले: ‘तू तीन वर्षांचा असताना माझ्या पाठीवर बसायचास तेव्हा मी तुला ओरडलो होतो. तुला आठवत नसेल, मला आठवते.’

तिसऱ्या कार्डाला मला तीन आठवडे लागले. त्यात मला माझ्या दादीविषयी लिहायचे होते. दादीचे लिहायचे म्हणजे आणखी एक गोष्ट लिहावी लागणार होती, जी मी मुलांनाही कधी सांगितली नव्हती.

माझी दादी बाळापूरची. मन आणि म्हैस नद्यांच्या मधला तो किल्ला तिच्या घरून दिसायचा. ती निरक्षर होती. चार-पाच लहान सूरह पाठ, तेही मखरजाच्या हिशेबाने चुकीचे. कॉलेजात शिकत असताना मी तिच्या उच्चारांना हसायचो. नोकरी लागली, लग्न झाले आणि आम्हाला पहिली मुलगी झाली. चौदा महिन्यांची असताना ती तापाने गेली. मी तिला स्वतःच्या हातांनी कबरीत ठेवले, घरी आलो आणि त्या दिवसापासून नमाज सोडली. नोकरी रात्रपाळीची, सॉर्टिंगची. विचारणाऱ्यांना मी सांगायचो की पढलो. मीसुद्धा ‘हो’ म्हणून दोन मिनिटांत मोकळा होत होतो. तब्बल तीन वर्षे.

त्या काळात सुट्टीला बाळापूरला गेलो की दादी फज्रला उठायची. आपली जानमाज अंथरायची आणि तिच्या थोडी पुढे आणखी एक अंथरायची. मी खाटेवर डोळे मिटून पडलेला असायचो. मी जागा आहे हे तिला कळत असणारच. तिने एकदाही हाक मारली नाही. नमाज पढून दोन्ही जानमाजी घडी करून ठेवायची आणि चहा टाकायची. तीन वर्षांत मी जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा हेच. एका पहाटे मी उठलो, वुजू केले आणि तिच्या पुढच्या जानमाजीवर उभा राहिलो. त्याच दिवशी का, हे मला आजही सांगता येत नाही. सजद्यात रडलो, खूप वेळ. दादीने सलाम फेरला, काहीही न बोलता उठली आणि चहा टाकला. त्या दिवशी मला तिचे उच्चार चुकीचे वाटले नाहीत.

हे सगळे पोस्टकार्डावर लिहायचे म्हणजे पोस्टमनने वाचायचे, मुलाने वाचायचे. नातवाला तर आपल्याला आणखी एक फुफी होती हेही माहीत नव्हते. मी पत्नीला विचारले. ती बराच वेळ हातातली भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, “लिहा. तिचं नाव पण लिहा. घरात इतकी वर्षं कोणी घेतलं नाही.” एका कार्डावर मावले नाही, दोन लागली.

त्या कार्डांचे उत्तर नातवाने दिले नाही. सुनेने सांगितले की त्याने ती दोनदा वाचली आणि दप्तरात ठेवली. त्याच्या आठ वर्षांच्या बहिणीने मात्र फोन करून भांडण केले की मला एकही कार्ड का नाही. आता दोघांना जातात. तिला मी कुरआनातल्या मुंगीची, हुदहुद पक्ष्याची, यूनुस (अ.) यांना गिळणाऱ्या माशाची गोष्ट लिहितो आणि माशाचे चित्र काढायचा प्रयत्न करतो. ते बघून ती हसते, असे कळते.

फोन मी अजूनही करतो. पण आता विचारत नाही, सांगतो. आज फज्रला गुडघे फार दुखले, खुर्चीवर बसून पढलो, माझ्यासाठी दुआ कर. शेजारचे म्हातारे गेले, जनाज्याला गेलो होतो, वाटेत असे असे मनात आले. कधी कधी तोही काही विचारतो. एकदा विचारले, “दादाअब्बा, फुफी लहान होती, मग अल्लाहने का नेलं?” पूर्वी मी तयार उत्तर दिले असते. या वेळी म्हणालो, बेटा, मला पूर्ण कळत नाही. पण ती अल्लाहच्या रहमतीत आहे, एवढा माझा विश्वास आहे. आणि तुझ्या दादीने त्यानंतरही नमाज सोडली नाही, हे मी पाहिले आहे.

हजरत लुकमान यांनी आपल्या मुलाला केलेली नसीहत कुरआनात आहे. शिर्क करू नकोस, नमाज कायम कर, गर्वाने चालू नकोस, आवाज खाली ठेव. पण सुरुवात ‘माझ्या लाडक्या बाळा’ अशा अर्थाच्या शब्दाने आहे. आम्ही वडीलधाऱ्यांनी नसीहत पाठ केली, तो पहिला शब्द मात्र गाळला.

या उन्हाळ्यात सुट्टी लागली तेव्हा नातवंडे अमरावतीला आली. दुपारी इतके ऊन की कूलरसमोरून कोणी हलेना. असरची अजान झाली. मी वुजू करून आलो, जानमाज अंथरली आणि शेजारी आणखी एक. नातू पलंगावर मोबाईल घेऊन पडला होता. तेवढ्यात पत्नी स्वयंपाकघरातून जुन्या सवयीने म्हणाली, “जुहर पढलास ना रे?”

तो उठून बसला. माझ्याकडे पाहिले, मग दाराकडे. म्हणाला, “नाही दादी. आज नाही पढलो.”

घरात क्षणभर शांतता झाली. पत्नी दारात आली. मी तिला डोळ्यांनीच खुणावले आणि ती काही न बोलता आत गेली. मी कानांपर्यंत हात उचलले आणि नमाज सुरू केली. दुसरी जानमाज त्या दिवशी रिकामीच राहिली. पण सजद्यात गेल्यावर माझ्या तोंडून पहिल्यांदा शुक्र निघाला तो त्या ‘नाही’साठी. या मुलाने माझ्याशी खरे बोलायला सुरुवात केली होती. जो माणसांशी खरे बोलेल तो एक दिवस आपल्या रबशीही खरे बोलेल, ही माझी आशा आहे. जानमाज अंथरणे माझ्या हाती आहे, त्याला उभे करणे अल्लाहच्या.

संध्याकाळी अकोल्याला कार्ड टाकले, पाळकसाहेबांना. लिहिले: ‘पोट्ट्याने खरे उत्तर दिले. तुमच्या नातवाची खुशाली कळवा.’

वाचक बंधू-भगिनींनो, ज्यांना अल्लाहने नातवंडे पाहण्याचे भाग्य दिले आहे त्यांनी माझ्या चुकीतून काही घ्यावे, एवढ्यासाठी हे लिहिले. अल्लाह आपल्या सर्वांच्या संततीला नमाज कायम करणारी बनवो, आणि त्यांच्या वाटेतला अडथळा आपण होऊ नये याची समज आपल्याला देवो. आमीन.